पडणें, पाडणें आणि पडूं देणें

इमारतींच्या नाशाला मराठी भाषेंत शब्दांचा तोटा नाहीं. घर जीर्ण होतें, मोडकळीस येतें, खचतें, ढासळतें, कोसळतें. वाडा पडीक राहतो, ओसाड पडतो, बेचिराख होतो. आणि या सर्वांच्या वर छत्र धरावें तसा 'पडझड' हा एक ऐसपैस शब्द आहे, ज्याच्याखालीं पावसाळ्यांत खचलेल्या एका भिंतीपासून अख्ख्या पेठेपर्यंत कशाचाहि समावेश होऊं शकतो. इतकी समृद्धि असतांना एक शब्द मात्र आम्हांस सांपडत नाहीं. जें घर कोणीं पाडलें नाहीं, आणि जें आपलें आयुष्य पुरें करून पडलें असेंहि नाहीं. ज्यानें त्याच्याकडे पाहावयाचें त्यानें पाहिलें नाहीं म्हणून जें पडलें, त्या घराच्या पडण्याला आपण काय म्हणतों? पडझडच म्हणतों. वादळानें छप्पर उडालें तरी पडझड, आणि वीस वर्षें कोणी छपरावर चढलें नाहीं म्हणून तुळई कुजली तरीहि पडझडच. हा केवळ कोशकारांचा प्रश्न आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एखाद्या दोषासाठीं समाजाजवळ शब्दच नसावा, यांत त्या दोषाची सोय तर होत नाहीं ना, हा नीतीचा प्रश्न आहे.

शब्दांकडून माणसांकडे जाण्याची ही वाट खानदेशांत तरी कोणास अपरिचित वाटूं नये. शब्दांच्या पोटांतून इतिहास काढूं पाहणारे वि. का. राजवाडे यांनीं १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यासच देह ठेवला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ पासून त्याच शहरांत आहे. त्यांची व्युत्पत्तीची झेप आमच्या अंगीं नाहीं. रोजच्या वापरांतले चारदोन शब्द हातीं घ्यावे आणि ते कोणाकडे बोट दाखवितात एवढें पाहावें, इतकाच आमचा बेत आहे.

'जीर्ण' हा शब्द पाहा. तो वयाचा शब्द आहे. ज्या धातूपासून 'जरा' म्हणजे म्हातारपण आलें, त्याच धातूपासून 'जीर्ण' आला. आणि पोटांत न जिरलेल्या अन्नामुळें होणारें 'अजीर्ण' तेंहि याच कुळांतलें. काळ सर्व कांहीं जिरवितो तसें घरहि जिरवितो, एवढाच त्याचा भाव. गीतेनें अंगावरच्या वस्त्राला हेंच विशेषण लाविलें आहे, आणि जुनें वस्त्र टाकण्यांत दोष कोणाचाच नसतो. 'ओसाड' म्हणजे जेथें वस्ती नाहीं तें. वस्ती कां नाहीं, हें तो शब्द सांगत नाहीं. 'पडीक' शब्द शेताच्या बांधावरून घरांत आला असावा असें वाटतें. नांगर न लागलेल्या जमिनीला आपण पडीक म्हणतों, आणि तेथें निदान नांगर न धरणाराची अंधुक सावली तरी दिसते. 'मोडकळीस आलें' असें म्हणतांना तर घरच जणूं आपल्या पायांनीं चालत त्या मुक्कामाला येऊन पोंचतें. पडणें आणि झडणें मिळून 'पडझड' झाली. फळ पडतें, पान झडतें, आणि त्याबद्दल झाडाला कोणी जाब विचारीत नाहीं.

सर्वांत बोधप्रद कथा 'बेचिराख' या शब्दाची आहे. हा फारसींतून आलेला. मूळ 'बे-चिराग', म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. जुन्या महसुली दप्तरांत ज्या मौजांत कोणी राहत नसे त्यांस हें नांव होतें. अर्थ किती साधा आणि किती करुण! कोणीं आग लाविली नाहीं, कोणीं तोफ डागली नाहीं; संध्याकाळीं दिवा लावणारें माणूस उरलें नाहीं, एवढेंच. परंतु मराठी कानाला त्या शब्दाच्या शेवटीं 'राख' ऐकूं आली. राखेच्या मागोमाग आग आली, आणि आगीच्या मागोमाग शत्रु आला. आतां बेचिराख म्हटलें कीं डोळ्यांपुढें जाळपोळच उभी राहते. न लागलेल्या दिव्याचा शब्द लाविलेल्या आगीचा झाला. यास कोणी भाषेंतला अपघात म्हणोत. आम्हांस त्यांत मनुष्यस्वभावाची खूण दिसते. आपल्या वस्तूचा नाश दुसऱ्यानें केला असें म्हणावयास मन जितकें तत्पर असतें, तितकें तो आपल्या न करण्यानें झाला असें म्हणावयास नसतें.

ही गोष्ट जळगांव जिल्ह्यांतल्या धरणगांवाला लावून पाहण्यासारखी आहे. इंग्रज कंपनीनें १६७४ मध्यें येथें वखार घातली. १६७५ मध्यें शिवाजी महाराजांच्या फौजेनें गांव लुटलें, १६७९ मध्यें तें पुन्हां लुटलें गेलें, आणि १६८५ मध्यें संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत लुटीबरोबर आगहि लागली, असें खानदेशच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. दहा वर्षांत तीन लुटी आणि एक आग. तरीहि गांव संपलें नाहीं. १८२५ मध्यें खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली तेव्हां जेम्स औट्रॅम याचें ठाणें येथेंच होतें. १८९० मध्यें बालकवि ठोंबरे येथेंच जन्मले. आणि आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. जळलेलें घर लोक पुन्हां बांधतात, कारण आग दिसते. तिला तारीख असते, कर्ता असतो, त्याच्याविषयीं मनांत संताप असतो, आणि त्या संतापाच्या बळावर नवी भिंत उठते. तारीख नसलेल्या नाशाविरुद्ध असा संताप उठत नाहीं. लुटींचीं सालें इतिहासानें नोंदलीं. कोणत्या सालीं कोणत्या घराच्या धाब्यावर माती पडली नाहीं, हें कोणीं नोंदवावें?

धाब्याचें नांव निघालें म्हणून त्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. खानदेशांतलीं जुनीं घरें बहुधा धाब्याचीं. लांकडी तुळयांवर सपाट छप्पर, आणि त्यावर मातीचा जाड थर. मृग लागण्यापूर्वीं वर नवी माती पसरून चोपावी लागते, उतार नीट करावा लागतो, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. काम दोनचार दिवसांचें, पण दरसालचें. एक वर्ष चुकलें तर आंत एक ओला डाग उमटतो. पुढच्या वर्षीं तुळईचें टोक ओलें राहतें आणि तेथें वाळवी लागते. मग धाबें मध्यें लवतें, लवलेल्या जागीं पाणी सांचतें, आणि सांचलेलें पाणी भिंतीच्या पोटांत उतरतें. मातीची भिंत डोक्यावर छप्पर शाबूत आहे तोंवर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, आणि छप्पर गेल्यावर तिला थोडेच पावसाळे पुरतात. यांत कोणत्याहि टप्प्यावर कोणीं कांहीं केलें नाहीं. केलें असतें तर शेजाऱ्यांनीं हात तरी धरला असता. नियम न जुमानणाऱ्याबद्दल आपण म्हणतों कीं त्यानें नियम धाब्यावर बसविले. येथें खुद्द धाबेंच धाब्यावर बसविलें जातें, आणि तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

याच भिंतीच्या फटींत पिंपळ उगवतो. पक्ष्यानें टाकलेल्या बियेचें तें दोन पानांचें रोप असतें. बोटांनीं उपटतां येतें. परंतु पिंपळ उपटणें पाप, म्हणून घरांतलीं वडील माणसें त्याला हात लावीत नाहींत आणि गड्यालाहि लावूं देत नाहींत. कांहीं वर्षांनीं त्याच पिंपळाचें मूळ पहारीसारखें भिंतींत शिरतें आणि भिंत दुभंगते. तिच्याखालीं कोणी सांपडलें तर तें त्याचें दैव! या श्रद्धेची आम्ही थट्टा करीत नाहीं. रोप उपटतांना ज्याला भय वाटतें तें मन कोमलच म्हटलें पाहिजे. परंतु येथें एक चमत्कारिक हिशेब उघडकीस येतो. उपटणें ही क्रिया, म्हणून तिचें पाप लागतें; भिंत पडूं देणें ही क्रियाच नव्हे, म्हणून तिचें कांहींच लागत नाहीं.

शास्त्रकारांचा हिशेब इतका सोपा नव्हता. कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद करतांना नित्यकर्माविषयीं त्यांनीं असें मानिलें कीं, तें केल्यानें वेगळें पुण्य जोडत नाहीं, पण न केल्यानें प्रत्यवाय मात्र घडतो. यावर जें मुळीं झालेंच नाहीं त्यापासून कांहीं उत्पन्न कसें होईल, अभावापासून भाव कसा निघेल, हा शंकराचार्यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. तर्काच्या भूमीवर तो बळकट आहे. भिंत पाण्यानें पडली, मातीच्या अभावानें नव्हे, असें कोणीहि म्हणूं शकेल. पण पाणी तर दरसाल येणारच होतें. त्याला अडविण्याचें काम ज्याच्याकडे होतें त्याचें स्वस्थ बसणें हें त्या पाण्याला उघडलेलें दार आहे, आणि दार उघडें टाकणाराला 'मी कांहीं केलें नाहीं' असें म्हणतां येत नाहीं. घर राखणें हें या अर्थानें नित्यकर्म आहे. जीर्णोद्धार हें मोठें, क्वचित् घडणारें कृत्य. त्याची शिला बसते, तिच्यावर नांव कोरलें जातें. दरसाल धाब्यावर माती टाकणाराचें नांव कोठें कोरलेलें आम्हीं तरी पाहिलें नाहीं. आणि जेथें त्याचें काम नियमानें होतें, तेथें जीर्णोद्धाराचा प्रसंगहि फारसा येत नाहीं.

इंग्रजींत या अवस्थेला 'डिलॅपिडेशन' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटांत लॅटिनमधला दगड आहे, आणि ज्या लॅटिन क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ उधळून टाकणें, वडिलार्जित संपत्ति उधळावी तसें उधळणें, असा आहे. म्हणजे त्या शब्दाच्या आंत एक उधळ्या माणूस बसलेला आहे. इंग्लंडांतल्या चर्चच्या कायद्यांत तर या शब्दाला दाव्याचें स्वरूप होतें. पाद्र्याला राहावयास मिळालेलें घर त्यानें नीट राखलें नाहीं, तर त्याच्या जागीं येणारा नवा पाद्री दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून, आणि तो वारला असल्यास त्याच्या इस्टेटींतून, मागूं शके. १८७१ मध्यें याविषयीं स्वतंत्र कायदा झाला. तेथील कायद्यानें मिळकतीच्या नासाडीचे दोन वर्ग मानिले: हातानें केलेली, आणि होऊं दिलेली.

हा भेद मराठीला परका आहे असें नव्हे. 'पडणें' अकर्मक, 'पाडणें' सकर्मक, आणि दोहोंच्या मध्यें 'पडूं देणें'. 'वाडा पडला' एवढें म्हणून थांबतां येतें. 'वाडा पडूं दिला' म्हटलें कीं 'कोणीं?' हा प्रश्न समोर उभा राहतो. हें व्याकरण आपण सर्व शाळेंत शिकलों आहों. घराविषयीं बोलतांना मात्र तें वापरावयास जीभ कचरते. संस्कृतांतला 'उपेक्षा' हा शब्दहि असाच निर्भीड आहे. 'उप' आणि 'ईक्ष्' मिळून तो झाला. जवळून पाहणें, आणि पाहून स्वस्थ राहणें. उपेक्षा करणारा आंधळा नसतो. ओला डाग त्याला पहिल्याच पावसांत दिसलेला असतो. पातंजल योगसूत्रांत मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या पंक्तीला उपेक्षेला बसविलें आहे हें खरें. पण तेथें तिचा विषय दुसऱ्याचें दुष्कृत्य हा आहे. दुसऱ्याच्या पापाकडे काणाडोळा करणाराच्या चित्ताला प्रसन्नता लाभेल; आपल्या हातीं सोंपविलेल्या घराकडे काणाडोळा करणाराला तोच लाभ मागण्याचा अधिकार नाहीं.

आतां यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप विरक्ताचा. सर्वच नाशिवंत, मग दगडामातीचा मोह कशाला? याचें उत्तर आपल्या घरांतच आहे. आईबाप म्हातारे होतात यांत मुलांचा दोष नाहीं, आणि तीं एक दिवस जाणार हेंहि मुलांना ठाऊक असतें. म्हणून त्यांना उपाशी ठेवणाऱ्या मुलाला आपण वेदांती म्हणत नाहीं. जरा ही काळाची. हेळसांड ही माणसाची. दोन्हींचा शेवट एकच झाला तरी दोन्ही एक होत नाहींत.

दुसरा आक्षेप दारिद्र्याचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. ज्याला दोन वेळच्या जेवणाची विवंचना, त्यानें धाब्यावर माती कोठून टाकावी? त्याला दोष देणें हें दोषापेक्षांहि वाईट. येथें कौटिल्याचा न्याय आम्हांस मार्मिक वाटतो. तलाव-बंधाऱ्यासारखें बांधकाम पांच वर्षें वापराविना राहिलें तर त्यावरची मालकी जाते, असा नियम त्यानें सांगितला. पण संकटकाळाचा अपवाद त्याच वाक्यांत ठेविला. असमर्थता आणि अनास्था यांच्यामधली रेघ त्यानें ओळखली होती. मात्र ही रेघ ओळखतांना आपणहि प्रामाणिक असलें पाहिजे. शहरांत नवें घर बांधणारा, लग्नकार्यांत सढळ हातानें खर्च करणारा, गांवच्या वाड्याची गोष्ट निघाली कीं एकाएकीं दरिद्री होतो, हें दारिद्र्य कौटिल्याच्या अपवादांत बसणारें नव्हे.

तिसरा आक्षेप वांटेकऱ्यांचा. वाडा एकाचा असता तर त्यानें पाहिला असता. पण आजोबांच्या पश्चात् उताऱ्यावर सोळा नांवें चढलीं, कोणी मुंबईस, कोणी सुरतेस, कोणी समुद्रापार. एकानें खर्च करावा आणि सोळांनीं वांटून घ्यावें, हें कोणास रुचावें? म्हणून सर्वजण एकमेकांकडे पाहत राहतात, आणि वाडा सर्वांकडे पाहत पडतो. मुंबईंत हीच गोष्ट कायद्याच्या मार्गानें मोठ्या प्रमाणावर घडली. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलीं गेलीं. भाडेकरूचें रक्षण हा हेतु वाजवीच होता. पण मालकाला दुरुस्तींत लाभ उरला नाहीं आणि भाडेकरूला भिंत आपली वाटली नाहीं. अखेर १९६९ मध्यें दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सरकारला मध्यें पडावें लागलें. त्या वेळीं उपकराखालीं आलेल्या इमारती १९,६४२ होत्या. यावरून आम्ही इतकेंच म्हणतों कीं, हक्काचे सोळा भाग पडतात, कर्तव्याचे पडत नाहींत. सोळाव्या हिश्शाच्या मालकाच्या डोक्यावरहि छप्पर सबंधच गळतें.

चौथा आक्षेप रसिकाचा. भग्न वास्तूंत एक सौंदर्य असतें, तें कशाला पुसावें? धरणगांवच्या मातींत जन्मलेल्या बालकवींची 'पारवा' ही कविता एका पडक्या धर्मशाळेंतच घडते, आणि ती कविता मराठीस हवीच आहे. परंतु ती धर्मशाळा कोणाची होती? सर्वांची, म्हणूनच बहुधा कोणाचीच नव्हती. कोणा दात्यानें ती अनोळखी वाटसरूसाठीं बांधली होती. कवीनें पारव्याचें दुःख ऐकलें, हा त्याचा अधिकार. काळोखांत पोंचून तेथें आसरा न मिळालेल्या वाटसरूचा विचार करणें हें आपलें काम. युरोपांत भग्नावशेषांचें वेड ऐन भरांत होतें त्याच शतकांत रस्किननें १८४९ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, वेळेवर निगा राखली तर पुनर्रचनेची गरजच पडणार नाहीं. आणि १८७७ मध्यें विल्यम मॉरिस यानें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं जी संस्था काढली तिचा भरहि रोजच्या निगेवरच होता. जुन्या दगडांवर ज्यांचें खरें प्रेम होतें, त्यांनीं ते पडण्याची वाट पाहिली नाहीं.

मग प्रत्येक जुनें घर राखलेंच पाहिजे काय? असें आमचें म्हणणें नाहीं. जिवंत गांवांत कांहीं घरें जातात, कांहीं नवीं येतात. राखणें हा एक मार्ग. राखवत नसेल तर जो राखील त्याच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा शेजाऱ्याच्या स्वाधीन करणें हा दुसरा. आणि तेंहि शक्य नसेल तर तुळया, दारें, दगड नीट उतरवून घेऊन विचारपूर्वक पाडणें हा तिसरा. हा तिसरा मार्ग ऐकावयास कठोर वाटेल. पण पाडणारा निदान निर्णय घेतो, त्याची जबाबदारी पत्करतो, आणि त्याचे दगड दुसऱ्या भिंतीला लागतात. पडूं देणारा यांतलें कांहींच करीत नाहीं. मालकी त्याला हवी असते, पण मालकीबरोबर येणारें काम नको असतें. आणि हें नको असणें उघड न बोलतां तो तें पावसाकडून बोलवून घेतो. ज्या तीन मार्गांत प्रामाणिकपणा आहे ते सोडून आपण बहुधा या चौथ्याच मार्गानें जातों, आणि त्याला पडझड हें निरागस नांव देतों.

अशा घरावर शेवटीं एक पाटी लागते. इमारत धोकादायक आहे, जवळून जाणारानें आपल्या जबाबदारीवर जावें, अपघात झाल्यास नगरपालिका जबाबदार राहणार नाहीं. त्या घराच्या दारावर जबाबदारीचा शब्द बहुधा तेव्हां प्रथमच लिहिला जातो, आणि तोहि झटकण्यासाठीं. मालकानें तो टाकला, वांटेकऱ्यांनीं टाकला, पालिकेनें टाकला. आतां तो भिंतीखालून शाळेला जाणाऱ्या पोराच्या खांद्यावर आला. इंग्लंडांतल्या त्या पाद्र्याला निदान एवढें ठाऊक होतें कीं, आपल्यामागून कोणी येणार आहे आणि तो हिशेब विचारील. आपणहि आपल्या घरांत, आपल्या विहिरींवर, घाटांवर, वाचनालयांत आणि धर्मशाळांत कोणाच्या तरी आधींचे रहिवासी आहों.

असो. भाषा सुधारल्यानें भिंती उभ्या राहत नाहींत, हें आम्ही जाणतों. पण मराठींत 'हेळसांड' हा शब्द आहे. आजाऱ्याची, पाहुण्याची, पोरक्या मुलाची होते ती हेळसांड. तो आपण माणसांसाठीं राखून ठेविला आहे. जीं घरें माणसांसाठींच बांधलीं गेलीं, त्यांनाहि तो लावावयास हरकत नसावी. पुढच्या पावसाळ्यांत कोठें एखादा वाडा खचल्याची वार्ता आली, तर 'पडझड झाली' असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबून, तो पडला कीं पडूं दिला, एवढें वाचकांनीं आपल्या मनाशीं विचारावें. आणि मृग लागण्यास अद्याप अवकाश असेल तर आपल्याहि घराच्या छपरावर एकदां चढून पाहावें.